काळ्या जमिनीचा सामू (pH) 8.2 आहे, चुना टाकावा का?

संत्रा_काटोल
काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, भारी काळी जमीन. माती परीक्षणात सामू 8.2, विद्युत वाहकता 0.28, मुक्त चुना (मातीत मुळातच असलेली चुनखडी) 9 टक्के. नवी पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. युरिया आणि अमोनियम सल्फेटने जमीन आम्ल झाली, एकरी 4 क्विंटल चुना टाका, असा सल्ला मिळाला. टाकावा का?

मातीवाला_नागपूर
अजिबात नको, भाऊ. 8.2 म्हणजे जमीन विम्ल आहे, आम्लाच्या उलट.

अमोनियमची खतं आम्लता करतात हे खरं. जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा हायड्रोजन आयन सुटतो. पण हिशेब घाला. अमोनियम सल्फेटच्या 50 किलोच्या गोणीची आम्लता मारायला साधारण 55 किलो चुनखडी लागते, युरियाच्या 45 किलोच्या गोणीला 37 किलोच्या आसपास. एकराच्या वरच्या 15 सेंमी थरात माती अंदाजे 9 लाख किलो, त्याच्या 9 टक्के म्हणजे तुमच्याकडे चुनखडी झाली 81,000 किलो. वर्षाला पाच-सहा गोण्यांनी सामू हलणार कुठून? सुपर फॉस्फेट आणि पोटॅशने तर तेवढाही फरक पडत नाही.

युरिया मात्र उघड्यावर फेकू नका. विरघळताना दाण्याभोवतीचा सामू आधी वर चढतो आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडतं. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेटचंही तेच होतं. दोन्ही 4-5 सेंमी मातीआड करा, किंवा टाकल्याबरोबर पाणी द्या.

संत्रा_काटोल
मग गंधक टाकून सामू 7 वर आणता येईल का?

मातीवाला_नागपूर
81 टन चुनखडी संपवायला 26 टन गंधक लागेल. तो नाद सोडा. आळ्यात थोडं गंधक शेणखतासोबत पट्ट्याने दिलं तर मुळांजवळ तेवढ्यापुरता फायदा होतो, ओल असेल तरच.

बागायत_विदर्भ
हिरव्या शिरा आणि पिवळी पालवी हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लोह जमिनीत आहे, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकलं तर तेही तसंच अडकतं. फवारणी करा: 10 लिटर पाण्यात हिराकस 50 ग्रॅम आणि चुन्याची निवळी 25 ग्रॅम चुन्याची, तीही कोवळ्या पालवीवर, सकाळी किंवा संध्याकाळी. हिराकसचा खडा हिरवट हवा. तांबूस पडला असेल तर घेऊ नका. ठिबकमधून द्यायचं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए स्वस्त असतं, पण 8 सामूला लोह सोडून देतं.

आधी पाणी बघा. भारी जमिनीत पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतं आणि हाच पिवळेपणा येतो. चर नसतील तर कितीही फवारा, पुढची पालवी पुन्हा पिवळी. पानं अरुंद, लहान, ठिपकेदार असतील तर जस्तही तपासा.

धान_रामटेक
हे सगळं काळ्या जमिनीपुरतं. रामटेककडे हलक्या, तांबड्या धानाच्या जमिनीत मुक्त चुना जवळपास नसतो, तिथे वर्षानुवर्षांच्या अमोनियम सल्फेटचा परिणाम दिसू शकतो. नमुना बांधीत पाणी भरण्याआधी घ्या, कारण पाण्याखाली आम्ल मातीचा सामू 7 कडे सरकतो. सामू 5.5 च्या खाली आला तर प्रयोगशाळेला 'चुन्याची गरज' काढायला सांगा. नुसत्या सामूवरून मात्रा ठरत नाही, चिकण मातीला वालुकामय मातीपेक्षा बराच जास्त लागतो.

काळ्या जमिनीत ठिबक असेल तर ड्रीपरखालचा नमुना वेगळा द्या. खत तिथेच पडतं, त्यामुळे तिथला आकडा उरलेल्या बागेशी जुळत नाही.