बेल्जियन ब्लू वळू कडब्यावर पोसणार का?

कडबाकुट्टी: परवा इथं कुणीतरी बेल्जियन ब्लूचा फोटो टाकला, 'याचं रेतन लाल कंधारी गायीला द्या, एकटा बैल नांगर ओढंल'. खाली सगळे वाहवा करायले. अहो, तो औताचा बैल नाही, मांसाचा आहे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिनचं जनुक बिघडलं म्हणून पुठ्ठे फुगलेत. अंगाच्या मानानं काळीज-फुप्फुसं लहान, ऊन सोसत नाही, लगेच दमतो. काही वासरांची जीभ इतकी जाड की आचळ धरवत नाही. शुद्ध जातीत बहुतेक वितं सिझरनं. आपल्याकडं रात्री गाय अडली तर डॉक्टर फोन तरी उचलतो का?

घनसावंगीचा पाटील: सिझर शुद्ध जातीत. संकरात वासराला ते जनुक एकाच बाजूनं येतं, तिथं एवढं अडत नाही. युरोपात दुधाच्या गायींनाही हाच वळू भरवतात. मांसाचा उतारा जिवंत वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास, चरबी कमी. आधी वाचा, मग चिडा.

कडबाकुट्टी: एकाच बाजूनं आलं तर फोटोतले पुठ्ठेही येणार नाहीत, मग खटाटोप कशाला? आन उतारा कुणाला सांगता? २०१५ पासून राज्यात बैलही कापता येत नाही.

उदगीरचा देवणीवाला: कायद्याचं निघालंच म्हणून सांगतो. माझी म्हातारी जोडी हाळीच्या बाजारात नेली, कुणी दाव्याला हात लावंना. पूर्वी तिच्या पैशात नव्या जोडीचा इसार निघायचा. आता मरेस्तोवर कडबा घाला, नाहीतर रात्री सोडून द्या.

रोखठोक: सोडून द्या? ज्यानं तुमचं रान कसलं त्याला? लाज वाटू द्या जरा.

उदगीरचा देवणीवाला: लाजेनं गव्हाण भरत नाही साहेब. दुष्काळात छावणीत जनावरांपाशी मी झोपलोय. तुम्ही पुण्यातून टाइप करायले ना?

रोखठोक: शेत परळीलाच आहे माझं. परवडत नाही तर ट्रॅक्टर लावा.

उदगीरचा देवणीवाला: भाड्यानं लावतोच की. शेणखत काय ट्रॅक्टर देणार?

घनसावंगीचा पाटील: धागा वळूचा होता, मंडळी.

कडबाकुट्टी: बरं पाटील, संकरात गाय कमी अडते, मान्य. सत्कार ठेवू तुमचा. आता तो गोऱ्हा विकायचा कुठं, तेवढं सांगा.

घनसावंगीचा पाटील: गोऱ्ह्याचं सोडा, कालवड ठेवा.

उदगीरचा देवणीवाला: मांसाच्या वळूची लेक दुधाला ठेवणार? त्यापेक्षा आमच्या गावात देवणी वळू आहे, गाय घेऊन या. चारा तुमचा तुम्ही आणा.