मिनिएचर वॉरगेम फसतो तो कुठे? माझ्या मते फाशांच्या राशीत

मोजपट्टी (धागाकर्ता)

मिनिएचर वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून नियमांनी खेळायची लढाई. सैनिक देखणे, नियमांचं पुस्तक जाड, टेबलावर घरं-टेकड्या नीट मांडलेल्या, आणि तरी दुसऱ्या तासाला दोन्ही खेळाडू कंटाळलेले. अशा डावानंतर दोष नशिबाला दिला जातो, नाहीतर समोरच्याच्या आर्मीला. माझं मत वेगळं आहे. खेळाडूचा निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये नियमांनी किती फासे फेकायला लावलेत, तिथेच बहुतेक खेळ मार खातात.

हिशेब मांडतो. दहा जणांची तुकडी, प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे २० फासे. ३ किंवा जास्त पडला की गोळी लागली: साधारण १३. ४ किंवा जास्त पडला की जखम: साडेसहा-सात. समोरच्याने ३ किंवा जास्त टाकला की चिलखताने वाचवलं. शेवटी हाती उरतात सव्वादोन जखमा. ४० फासे फेकले, तीनदा वेचले, तीनदा मोजले, आणि समोरचा सैनिक दोन जखमांचा असेल तर टेबलावरून उचलला एक सैनिक. 'वॉरहॅमर ४०,०००' या भविष्यातल्या युद्धाच्या खेळात आताच्या साध्या स्पेस मरीनला (चिलखती सैनिकाला) दोन जखमा आहेतच, तेव्हा हे उदाहरण हवेतलं नाही. त्यात एखाद्या खास नियमामुळे लागण्याचे आणि जखमेचे चुकलेले फासे परत टाकायला मिळाले, तर आकडा ६७ फाशांवर जातो.

एवढं करून थरार किती वाढला? पहिल्या उदाहरणात शंभरातल्या ८४ वेळा उत्तर १ ते ४ जखमांच्या आतच येतं. निर्णय एकच होता, कोणावर झाडायच्या, आणि तो दोन सेकंदांत झाला होता.

दुसरा भाग पाळीचा. एकाने सगळी आर्मी हलवायची, सगळ्या तुकड्यांनी झाडायचं, सगळ्यांनी भिडायचं, मग दुसऱ्याची पाळी. २००० पॉइंटांच्या (पॉइंट म्हणजे नियमांनी ठरवलेली तुकडीची किंमत; दोघांच्या आर्म्यांची बेरीज सारखी) डावात एक पाळी पाऊण तास सहज खाते. तेवढा वेळ समोरच्याच्या हाती बचावाचे फासे आणि मेलेले सैनिक उचलणं, एवढंच. पहिली पाळी मिळालेल्याने लांब पल्ल्याच्या तोफा लावल्या असतील, तर दुसऱ्याची तिसरा हिस्सा आर्मी एक इंचही न हलता पेटीत जाते.

तुलनेला २०१२ चा, दुसऱ्या महायुद्धावरचा 'बोल्ट अ‍ॅक्शन' घ्या. दोन्ही बाजूंचे ऑर्डरचे फासे एका पिशवीत. ज्याचा निघेल त्याने एका तुकडीला हुकूम द्यायचा. गोळी लागली की जखमेचा एकच फासा: नवख्याला ३, नियमित सैनिकाला ४, मुरलेल्याला ५ किंवा जास्त. चिलखताचा वेगळा बचाव नाही. शिवाय गोळी लागली की तुकडीवर पिन (दडपणाची खूण) बसते, आणि दोन फाशांची बेरीज मनोबल वजा पिना यापेक्षा जास्त आली की हुकूम पाळलाच जात नाही. कोणी मेलं नाही तरी परिणाम दिसतो, आणि पुढच्या हुकुमाला विचार करावा लागतो.

काळा_प्रायमर

मोजपट्टी, हिशेब बरोबर, निष्कर्षाशी असहमत.

तीन पायऱ्या आहेत म्हणून तीन वेगळ्या गोष्टी खेळात येतात: नेमबाज किती चांगला, शस्त्र किती जड, चिलखत किती जाड. साधी लासगन (हलकी बंदूक) मरीनला ५ किंवा जास्त पडला तरच जखम करते आणि चिलखत पूर्ण शाबूत राहतं. मेल्टागन (चिलखत वितळवणारं शस्त्र) २ किंवा जास्तवरच जखम करते आणि चिलखत निरुपयोगी ठरतं. कोणत्या शस्त्राने कोणावर झाडायचं हा निर्णय याच पायऱ्यांमुळे तयार होतो. सगळं एका फाशात कोंबलंत की प्रत्येक शस्त्राला तक्ता लागेल, आणि वाचवलेला वेळ तक्ता शोधण्यात जाईल.

खेळ फसतो तो पॉइंटांत, म्हणजे टेबलावर येण्याआधीच. ४०,००० ची सातवी आवृत्ती (२०१४) आठवा. स्पेस मरीनच्या दोन अर्ध्या कंपन्या (ठरावीक तुकड्यांचे गट) एकत्र घेतल्या की त्यातल्या तुकड्यांना वाहनं फुकट. दहा तुकड्या, दहा रेझरबॅक (चिलखती वाहनं), ५५ प्रमाणे साडेपाचशे पॉइंट. १८५० पॉइंटांच्या डावात समोरच्यापेक्षा जवळपास तीस टक्के जास्त सैन्य, आणि तेही नियमाला धरून. दुसरीकडे 'इनव्हिजिबिलिटी' ही मानसिक शक्ती एकदा लागू झाली की त्या तुकडीवर गोळीबार किंवा हातघाई, काहीही फक्त ६ वर लागायचं, आणि स्फोटाची शस्त्रं वापरताच यायची नाहीत. चारशे-पाचशे पॉइंटांच्या तुकडीवर ती चढवली की समोरच्याकडे उत्तर नसे. असा डाव लिस्ट (आर्मीची यादी) दाखवली त्याच क्षणी संपलेला असतो.

२०१७ च्या आठव्या आवृत्तीत लागणं, जखम, बचाव या तिन्ही पायऱ्या तशाच होत्या. फुकट वाहनं गेली, सगळ्या आर्मींचे आकडे एकदम नव्याने छापले, आणि टेबलं पुन्हा भरली. दोष फाशांचा असता तर असं झालं नसतं.

दख्खनी_तोफखाना

काळा_प्रायमर यांच्याशी अर्धा सहमत. पॉइंट चुकले की खेळ बिघडतो हे खरं. पण पॉइंट काढूनच टाकले की काय होतं, तेही पाहायला हवं, आणि त्याचा पुरावा आपल्यासमोर आहे.

जुलै २०१५. १९८३ पासून चालत आलेला 'वॉरहॅमर फँटसी' बंद, त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार'. नियम चार पानं, फुकट. चार पानं हा दोष नाही, उत्तम खेळ एका पानावरही बसतो. दोष त्या चार पानांत काय होतं आणि काय नव्हतं यात आहे.

पॉइंट नव्हतेच. ज्याला जेवढं मांडायचं तेवढं मांडा. तोल राखायला नियम एकच: समोरच्याकडे तुमच्यापेक्षा एक-तृतीयांश जास्त मिनिएचर असतील, तर तुम्हाला झटपट जिंकायची एक अट निवडता येईल. मोजणी नगांची. म्हणजे दहा गॉब्लिन आणि दहा ड्रॅगन कागदावर सारखे, आणि वीस गॉब्लिन आणलेत तर सवलत ड्रॅगनवाल्याला.

अंतर बेसपासून (सैनिकाच्या पायाखालच्या सपाट तुकड्यापासून) नाही, मिनिएचरपासून मोजायचं. मग भाला पुढे धरलेला सैनिक भाला उभा धरलेल्या सैनिकापेक्षा लांबचा ठरतो. एकाच पेटीतले दोन सैनिक, फक्त हात वेगळ्या कोनात चिकटवलेले, आणि त्यांची पोहोच वेगळी. बेसवर बेस चढवणंही नियमात बसत होतं. रंगवलेल्या कडांचे टवके उडायला तेवढं पुरे. वरून मांत्रिकांनी नव्या तुकड्या बोलवायच्या, त्यावर एकूण मर्यादा नाही. आणि जुन्या आर्मींच्या पत्रकांत खेळाडूने काही बोललं, अभिनय केला तर फायदा, असे नियम. तीस वर्षं जपलेल्या आर्मीचा निरोप असा होणं लोकांना लागलं, आणि ते योग्यच होतं.

वर्षभरात, २०१६ मध्ये, 'जनरल्स हँडबुक' आलं, त्यात पॉइंट आले, आणि तोच खेळ उभा राहिला.

जाता जाता: बंद झालेला 'वॉरहॅमर फँटसी' 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने जानेवारी २०२४ मध्ये चौकोनी बेस घेऊन परत आला, पण माणसांच्या पायदळाचा बेस २० वरून २५ मिमी झाला. ५×४ ची जुनी तुकडी १००×८० मिमीत बसायची, आता १२५×१०० लागते. जुने बेस उखडू नका. प्रत्येक सैनिकाभोवती जागा सोडणारा खाचांचा ट्रे कापून घ्या; उखडताना मेटलचे घोटे तुटतात.

सहा_मिमी

तिघेही फाशांबद्दल आणि पॉइंटांबद्दल बोलताय. टेबलाबद्दल कोणीच नाही.

'फ्लेम्स ऑफ वॉर' हा दुसऱ्या महायुद्धाचा खेळ पाहा. सैनिक १५ मिमीचे, म्हणजे साधारण १/१००. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल म्हणजे त्या मापात सुमारे १८० मीटर बाय १२० मीटर. जर्मन ८८ मिमी तोफेचा पल्ला ४० इंच, म्हणजे मापाने शंभर मीटर. खरी तोफ किलोमीटरच्या पलीकडचा रणगाडा फोडायची. खेळात पल्ला दाबावा लागतो हे मान्य, पण इथे दाबल्यावरही तोफ टेबलाची जवळपास सगळी रुंदी झाकते. मग रणगाडे दडवायला जागा नाही, डावपेचाला जागा नाही, आणि पॉइंट स्वस्त असले की दोन्ही कडांना रणगाडे अंगाला अंग लावून उभे. फाशांची पद्धत कितीही सुधारा, हे चित्र बदलत नाही.

उपाय दोन. एक, तेच नियम ठेवून ६ मिमी सैनिक वापरा: १/२८५ किंवा १/३००. अंतरं तीच, पण रणगाडा तीन सेंटीमीटरच्या आत येतो, रणगाड्यांमध्ये मोकळी जमीन दिसते, बगल मारणं शक्य होतं. दोन, १५ मिमीवरच राहायचं तर इंचाऐवजी सेंटीमीटर मोजा. सहा फुटांचं टेबल एकदम अडीचपट मोठं होतं.

आणि ४०,००० वाल्यांसाठी: पहिल्याच पाळीत तिसरा हिस्सा आर्मी जाते ती बहुतेक वेळा टेरेन (घरं, टेकड्या, झाडं) कमी असल्यामुळे. एका खेळाडूच्या मांडणीच्या कडेपासून दुसऱ्याच्या मांडणीच्या कडेपर्यंत दोरा ताणून पाहा. दोरा कुठेही न अडता जातो अशा वाटा दोनपेक्षा जास्त असतील तर टेबल चुकलंय. सहा बाय चारच्या टेबलाचे दोन-दोन फुटांचे सहा चौकोन धरा, प्रत्येकात रणगाडा पूर्ण झाकणारी किमान एक वस्तू हवी. झाडांचे विरळ झुपके त्यात धरू नका. खिडक्यांची घरं असतील तर तळमजल्याच्या खिडक्या बंद मानायचं आधीच ठरवा, नाहीतर अख्खं घर असून नसल्यासारखं.

मोजपट्टी

सहा_मिमी, दोऱ्याची परीक्षा अगदी पटली. पण टेरेनने गोळीबार कमी होतो, फासे कमी होत नाहीत. तेच ४० फासे दुसऱ्या पाळीऐवजी तिसऱ्या पाळीत हातघाईला पडतात.

काळा_प्रायमर, तीन पायऱ्या ठेवूनही वेळ वाचतो. 'किंग्ज ऑफ वॉर'मध्ये लागणं आहे, नुकसान आहे, तिसरी पायरी नर्व्हची (तुकडी टिकते की मोडते). पण सगळे फासे हल्ला करणाराच टाकतो, एकेक सैनिक उचलायचा नाही, तुकडी राहते किंवा जाते: दोन फाशांची बेरीज अधिक झालेलं नुकसान, एवढ्यावर. समोरच्याने काहीच टाकायचं नसल्याने दोन बाजूंचं घड्याळ लावून तो खेळता येतो. इथेही पाळी आळीपाळीची, आख्ख्या आर्मीचीच आहे, तरी ती रेंगाळत नाही.

काळा_प्रायमर

आणि त्याच 'किंग्ज ऑफ वॉर'वर सगळ्यात जुनी तक्रार कोणती? वीस सैनिक रंगवले आणि शेवटपर्यंत ते एक ठोकळा म्हणूनच फिरले. सैनिक उचलणं हे काम नाही, ती लढाई दिसण्याची रीत आहे.

तुमच्या सिद्धान्ताला अडचण 'एक्स-विंग'ची आहे. २०१२ चा, 'स्टार वॉर्स'मधल्या लढाऊ यानांचा खेळ. दोघेही एकाच वेळी लपवून डायल (चाल निवडायची चकती) लावतात, पाच-सहा फासे पडतात, कोणी हात बांधून उभा नाही. तुमच्या मापात अव्वल. पण 'ऑटोथ्रस्टर्स' हे यान सुधारणारं कार्ड पहिल्यांदा आलं ते स्टारवायपरच्या पेटीत. ते यान फक्त स्कम (गुन्हेगारांच्या) बाजूचं, कार्ड मात्र ए-विंगवाल्या बंडखोरालाही हवं. कधीही न उडवायचं जहाज कार्डासाठी घ्यायचं. २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती, जुन्या जहाजांसाठी बदलीचे संच विकत. २०२२ मध्ये पथकं बांधायची पद्धत पुन्हा बदलली. २०२४ मध्ये पुढचं काम बंद झाल्याचं जाहीर. टेबलावरचा खेळ सुंदर आणि अनुभव निराशेचा, हे दोन्ही एकत्र असू शकतं. त्याचं मूळ पेटीत काय भरलंय यात आहे.

स्प्रूकटर

पेटीचा विषय निघालाच आहे तर प्लॅस्टिकबद्दल. खेळ सुरू होण्याआधीच संपवणारी गोष्ट म्हणजे जोडणी.

'रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स' हे टोकाचं उदाहरण. २०१३ च्या किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याच्या मोहिमेत) चौदा लाख डॉलरहून जास्त जमले. आलेले सैनिक १/२८५ मापाचे, हातात मावतील एवढे रोबॉट, पण प्रत्येकाचे ढीगभर सुटे तुकडे, काही अवयव दोन फाळक्यांत, सांधा नेमका दिसेल तिथून. नियमांना असे रोबॉट डझनाने हवेत. ज्या मापात सैनिक तीन तुकड्यांत संपायला हवा तिथे मोठ्या मॉडेल-किटची जोडणी दिली, आणि कितीतरी जणांचे सैनिक स्प्रूवरच (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरच) राहिले. मालाचा दुसरा हप्ता आलाच नाही. २०१८ मध्ये तो येणार नसल्याचं जाहीर झालं.

मेटलऐवजी २०११ मध्ये आलेलं 'फाइनकास्ट' रेझिन असंच. बुडबुड्यांनी बोटं आणि तलवारीची टोकं गायब. वाकलेली तलवार गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा. बुडबुड्यांत ग्रीन स्टफ (घट्ट होणारी पुट्टी) भरा. गायब टोकासाठी ०.८ मिमी तार घालून नवं टोक घडवावं लागतं. हे एका सेनापतीला परवडतं, तीस जणांच्या तुकडीला नाही.

आपल्याकडे एक भर. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे-प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका. दमट हवेत तो पिठासारखा खरखरीत बसतो, आणि तो काढताना बारीक तपशील जातो. ब्रशने लावायचा प्रायमर, दोन पातळ हात. आणि बाहेरून मागवलेल्या पेटीवर कुरियर आणि ड्युटी चढते, म्हणून कुठल्याही कंपनीचे सैनिक चालतील असे नियम आधी निवडा, सैनिक नंतर.

मोजपट्टी

त्याच्याही आधीची पायरी: पुठ्ठा. बेसच्या मापाचे तुकडे कापा, त्यावर तुकडीचं नाव लिहा, अर्ध्या आकाराच्या आर्म्या घेऊन तीन पाळ्या खेळा. घड्याळ लावून प्रत्येक खेळाडू किती वेळ नुसता थांबला ते लिहा. दर पाळीला किती वेळा पुस्तक उघडावं लागलं तेही लिहा. पहिल्या पाळीत पुस्तक उघडणं समजू शकतो, तिसऱ्या पाळीतही त्याच नियमासाठी उघडावं लागलं तर तो नियम वाईट लिहिलाय.

काळा_प्रायमर

पुठ्ठ्याची परीक्षा चालेल, पण अर्ध्या आर्मीची नको. चुकलेले पॉइंट लहान डावात लपतात. सातव्या आवृत्तीतली फुकट वाहनं दोन अर्ध्या कंपन्या पूर्ण मांडल्याशिवाय मिळतच नव्हती. पूर्ण पॉइंटांच्या लिस्ट लावा, एक डाव खेळा, मग आर्म्यांची अदलाबदल करून त्याच टेबलावर दुसरा. दोन्ही वेळा एकच आर्मी जिंकली तर फाशांकडे नंतर बघू, आधी पॉइंटांचं पान उघडा.

सहा_मिमी

अदलाबदल करताना कडाही बदला. नाहीतर टेरेनचा दोष पॉइंटांच्या नावावर लागेल.