मदत हवी आहे: कापूस पूर्ण सेंद्रिय करावा का अर्धा-अर्धा?

राम राम मंडळी, परभणी जिल्ह्यातून लिहितोय. काळी जमीन, सोयाबीन, तूर आन थोडा कापूस. युरिया डीएपी टाकून जमीन पार कडक झालीय, म्हणून दोन एकर सेंद्रियवर न्यायचा विचार चाललाय पण हिशोबच जुळंना. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर नत्र (नायट्रोजन), शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे एका गोणीच्या बदल्यात चार टन शेणखत, आन गावात जनावरं राहिलीत कुठं? ट्रॉली विकत घ्यावी तर भाव ऐकूनच घाम फुटतो, त्यात खत कच्चं निघालं की हुमणी (मुळं खाणारी अळी) फुकट!

सोयाबीन-तुरीचं ठीकय, बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावलं की नत्राचं बरंच भागतं. खरी अडचण कापसाची. कोरडवाहूत नुसत्या जीवामृतावर (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी) कुणी कापूस काढलाय का? 200 लिटरचा ड्रम एकराला किती दिवसाआड सोडता? परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) कुणी वापरलंय का? आन सेंद्रियचं सर्टिफिकेट मिळेस्तोवर दोन-तीन वर्षं माल साध्याच भावात विकावा लागतो, तेवढ्यात घर कसं चालवलं तेबी सांगा. यूट्यूबवाले उत्पन्न सांगतेत, मजुरी कुणीच सांगत नाही.