परस्पर संमतीचा घटस्फोट: सहा महिने थांबायची सक्ती कशाला?

घोडबंदरकर:
धाकटी बहीण दोन वर्षांपासून नवऱ्यापासून वेगळी राहते. पोटगी, दागिने, मुलीचा ताबा, सगळं दोघांनी बसून ठरवलंय. आता ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकायचाय, तर वकील म्हणतात, त्यानंतर सहा महिने थांबावं लागेल. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब मुळात अर्जाआधीच एक वर्ष वेगळं राहायला लावतं. त्यावर आणखी सहा महिने? माझं मत स्पष्ट आहे, ही अट काढून टाकावी.

कोपरीची_लेक:
अजिबात पटलं नाही. ही मुदत समेटासाठी ठेवली आहे खरी, पण तिचा मोठा उपयोग बाईला होतो. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. ठरलेले पैसे आले नाहीत, दागिने परत मिळाले नाहीत, तर सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा कोर्टात यावं लागतं तेव्हा ती ठामपणे नाही म्हणू शकते. एकदा हुकूम झाला की वसुलीसाठी तिनेच पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. सासर-माहेर दोन्हीकडून "सही कर आणि मोकळी हो" म्हणत मागे लागतात, तेव्हा विचार करायला एवढीच सवड मिळते तिला.

खारघरवासी:
ताई, हीच मुदत नवऱ्याच्याही हातात असते. माझ्या मावसबहिणीच्या वेळी पाचव्या महिन्यात निरोप आला, "रक्कम कमी कर, नाहीतर मी येत नाही." तिने कमी केली. दुसरं काय करणार होती? थांबणं ज्याला परवडतं त्याचाच यात फायदा होतो, आणि बहुतेक घरांत तो नवरा असतो.

सीवूड्सची_वकील:
एक गोष्ट आधी स्पष्ट करते. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं की ही सहा महिन्यांची मुदत माफ करता येते. वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, ताबा वगैरे खरोखर मिटलेलं हवं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याभराने माफीचा अर्ज करता येतो, निर्णय न्यायाधीशांचा. घोडबंदरकर, तुमच्या बहिणीने तो जरूर करावा. पण अट सरसकट काढायला माझाही विरोध आहे. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतलेल्या बायका आजही येतात माझ्याकडे. त्या कागदाने घटस्फोट होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

घोडबंदरकर:
माफीचं माहीत नव्हतं, आभार. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही. फ्लॅट तिचा नवरा ठेवणार, हप्ते तोच भरणार असं ठरलंय.

सीवूड्सची_वकील:
मग सगळं मिटलेलं नाही. तुमच्यातला करार बँकेवर बंधनकारक नसतो. त्याने हप्ते थकवले तर बँक बहिणीकडेही येणार. तिचं नाव कर्जातून काढल्याचं बँकेकडून लेखी घ्या, ते हातात आल्याशिवाय तिने फ्लॅटवरचा हक्क सोडू नये. आणि मुलीचा खर्च आता कमी ठरला असेल तरी कलम २६ खाली पुढे वाढवून मागता येतो.

कोपरीची_लेक:
बघा, बँकेचं हे काम आठवड्यात होणारं आहे का? सहा महिने त्यालाच लागतील.

घोडबंदरकर:
लागू देत. पण ते किती लागतील हे तिच्या कामावरून ठरावं. ज्यांचं खरंच मिटलंय त्यांना कशाला अडकवून ठेवायचं?