अनुभव धागा : राफेल सादिक तुमच्या कानांत कधी शिरला?

मंडळी, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी गायक डी'अँजेलो गेला. त्या रात्री त्याची गाणी लावून बसले होते. २००० सालचं ते मधेच तुटणारं संथ गाणं संपलं आणि ते कोणी कोणी मिळून लिहिलंय ते पाहिलं. डी'अँजेलोच्या शेजारी नाव होतं राफेल सादिक. मग आठवलं, हे नाव मी गेली सतरा वर्षं कुठे ना कुठे वाचतेच आहे. स्वतःच्या तबकड्यांवर गायक म्हणून, एरिका बाडूच्या गाण्यावर लेखक म्हणून, जॉस स्टोन आणि सोलांजच्या तबकड्यांवर निर्माता म्हणून. पुढे उभं राहून गाणारा आणि मागे बसून दुसऱ्याचं गाणं उभं करणारा, असा माणूस एकच असणं फार कमी वेळा घडतं.

माझ्यापुरतं सांगते. २००८ च्या शेवटी ऑफिसातल्या एकाने पेन ड्राइव्हवर गाणी दिली, नावं-गावं काही नाही. दादरहून कर्जत लोकलमध्ये बसले आणि ऐकायला लागले. खंजिरी, व्हायोलिनांचा ताफा, उंच पट्टीतला गोड पुरुषी आवाज. मी धरून चालले की हे १९६५ च्या आसपासचं, डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं काहीतरी असणार. आठवडाभर ते जुनं म्हणूनच ऐकलं. मग कळलं की ही राफेल सादिकची तबकडी दोन-तीन महिन्यांपूर्वीच आली आहे, आणि ड्रम, बास (खालच्या सुरांची गिटार), गिटार बहुतेक सगळं या एकट्या माणसाने वाजवलंय. फसल्यासारखं वाटलं, थोडा रागही आला. पुढे एक गोष्ट वाचली आणि राग गेला. त्यातली खंजिरी जॅक ॲशफर्डची आहे. साठच्या दशकात मोटाउनच्या स्टुडिओत खंजिरी वाजवणारा तोच ॲशफर्ड. तंतुवाद्यांची रचना पॉल रायझरची, तोही मोटाउनचाच. म्हणजे ते जुनं वाटत होतं, कारण त्यातले काही हात खरोखरच तेच होते.

तुम्हांला हा माणूस कुठे भेटला? जन्मतारीख आणि पुरस्कारांची यादी कुठेही मिळेल. तुमचं काय झालं ते लिहा.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

मी इथे १९९३ साली आलो. तेव्हा तो राफेल सादिक नव्हता, राफेल विगिन्स होता. मूळ नाव चार्ल्स रे विगिन्स. थोरला भाऊ ड्वेन आणि चुलतभाऊ टिमोथी रायली यांच्यासोबतचा त्यांचा 'टोनी! टोनी! टोने!' हा बँड केएमईएल रेडिओवर दिवसभर वाजायचा. आपल्या गावची पोरं म्हणून इथून जवळच्या ऑकलंडला त्यांचा केवढा अभिमान!

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई पूर्व ऑकलंडची, वयाने माझ्या आईएवढी. मी एकटा राहतो, जेवणात रोज ब्रेड असतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने मला आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी बोलावलं. चर्चला लागून असलेला हॉल, दीडशे माणसं, आणि मी एकटा देशी. जेवण झाल्यावर 'टोनी! टोनी! टोने!'चं लग्नाच्या वाढदिवसावरचं गाणं लागलं. मूळ तबकडीवर ते नऊ मिनिटांहून लांब आहे. रेडिओवर मी कापलेलंच ऐकलं होतं, त्यामुळे आता संपेल, आता संपेल असं वाटत राहिलं आणि ते काही संपेना. म्हातारा-म्हातारी मधोमध संथ नाचत होती, बाकीचे भोवती गोल करून उभे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ती बाई मला म्हणाली, हा मुलगा आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखं गातो, ऐक.

त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळला. हा पोरगा नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून गॉस्पेल हमिंगबर्ड्स या भजनी बँडसोबत वाजवत होता. आणि गावच तसं आहे. अंगठ्याने तारेवर ठोका मारून बास वाजवायची तऱ्हा ज्याने रूढ केली, तो लॅरी ग्रॅहम ऑकलंडमध्ये वाढला. टॉवर ऑफ पॉवर हा बँड ऑकलंडचा. एडविन हॉकिन्सचं जगभर गाजलेलं भजन बाजूच्या बर्कलीतल्या चर्चमध्ये १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. विशीत तर तो तालवादक शीला ई.च्या बँडमध्ये बास धरून गायक प्रिन्सच्या १९८६ च्या दौऱ्यावर गेला. त्यामुळे २००८ साली लोक 'जुन्या काळात गेला' म्हणाले, तेव्हा मला हसू आलं. तो कुठे गेला? तो तिथेच वाढला होता.

मार्च २०२५ मध्ये ड्वेन गेला. मी त्या बाईला फोन केला. ती आता नव्वदीला टेकली आहे. आम्ही फार बोललो नाही, तिने फोनजवळ ते गाणं लावलं.

कोल्हापूर

मी बास वाजवतो. लग्नं, गणपती, गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, जिथं बोलावतील तिथं. आमच्यात बासवाल्याकडं कोण बघत नाही. गायक, की-बोर्ड, ढोलकी, मग राहिलेल्या जागेत आम्ही.

एका दोस्तानं सादिकचा व्हिडिओ पाठवला. माणूस गातोय आणि गळ्यात बास! बासवाला पुढं उभा राहून गातोय हे बघूनच छाती भरून आली. पण माझी बास तशी वाजेना. माझा आवाज खणखणीत, लांबत जाणारा. त्याचा ठप्प, गोल, जिथल्या तिथं मिटणारा. वर्षभर ॲम्प्लिफायरला दोष दिला. मग जेम्स जेमरसनविषयी वाचलं. मोटाउनच्या शेकडो गाण्यांत याची बास. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, खरखर न करणाऱ्या, आणि त्या तो बदलतच नसे. घोडीपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीपाशी, तारांखाली स्पंजचा तुकडा.

मी बायकोकडनं भांडी घासायचा नवा स्पंज मागून घेतला, बोटभर कापला आणि तारांखाली सारला. पहिला सूर काढला आणि तसाच बसून राहिलो. तो आवाज माझ्या खोलीत, माझ्या हातात होता! एकच बोट वापरायला लागलो तेव्हा कळलं की जलद काही वाजवताच येत नाही, त्यामुळं कुठला सूर सोडायचा हे शिकावं लागतं. ते मला वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आता ऑर्केस्ट्रात जुनी मराठी गाणी असली की स्पंज लावतो. ढोलकीवाला परवा म्हणाला, आज तुझ्यामुळं मला जागा मिळाली.

नाशिक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मला २००८ ची ती तबकडी कधीच मनापासून आवडली नाही. काळ्या जाड फ्रेमचा चष्मा, अंगाला चापून बसलेला सूट, जुन्या दूरदर्शन कार्यक्रमासारखे व्हिडिओ. मला तो पोशाख वाटला. माझा सादिक २००२ चा, पहिल्या एकट्याच्या तबकडीचा. त्या संगीताला त्याने स्वतःच 'गॉस्पेलडेलिक' असं नाव दिलं होतं. त्यात चर्चही आहे, हिप-हॉपचा ठोकाही आहे, आणि बासचं काम ट्यूबा, म्हणजे फुंकायचं मोठं पितळी वाद्य, करतं! त्या तबकडीला ग्रॅमी नामांकनंही मिळाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. होस्टेलवर एकाकडे सीडी होती, ती आम्ही चौघांनी झिजवली. तोवर मला वाटायचं की कृष्णवर्णीय संगीत म्हणजे एकतर जुनं किंवा नवं. दोन्ही एका गाण्यात नांदू शकतं हे तिथे कळलं. मग सहा वर्षांनी त्याने त्यातलं नवं काढून टाकलं, याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

बेळगाव

नाशिककरांच्या प्रतिसादावर लिहावंसं वाटलं. मी ख्याल शिकवते. हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं सोल संगीत मला लेकीने ऐकवलं, त्यातलं शास्त्र मला ठाऊक नाही.

मी गुरूंकडे, म्हणजे आमच्या बाईंकडे, गेले तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं फक्त त्यांच्यासारखं गायचं होतं. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा त्यांच्यासारखं. बाहेर गायले की लोक म्हणायचे, ही तर छापील प्रत आहे. फार लागायचं ते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आधी नीट छाप तरी उमटू दे.

लेकीने सांगितलं, या माणसाचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांची गाणी घडवण्यात गेलं होतं, प्रसिद्धी मिळाली होती, आणि मग बेचाळिसाव्या वर्षी तो स्मोकी रॉबिन्सन आणि टेम्प्टेशन्स या जुन्या मोटाउनवाल्यांच्या वळणाचं गायला बसला. जुने मायक्रोफोन, जुनी वाद्यं कशी लावायची, ड्रम कसे ध्वनिमुद्रित करायचे, हे चार्ल्स ब्रुंगार्ट या ध्वनिमुद्रकासोबत शोधून काढलं. माझ्या कानाला तो पोशाख नाही वाटत. नाव झाल्यावर पुन्हा तालमीला बसलेला विद्यार्थी वाटतो. माझी तेवढी हिंमत झाली नाही. बाई गेल्यावर मी कुणाकडेच शिकायला गेले नाही, आणि जायला हवं होतं.

नाशिक

बेळगावच्या ताई, तुमचं वाचून काल ती तबकडी परत लावली. पूर्ण ऐकली. अजून २००२ चीच जवळची आहे, पण शेवटपर्यंत ऐकली.

ह्यूस्टन

२००५ च्या ऑगस्टमध्ये मी न्यू ऑर्लिन्सला शिकायला आले होते. सामान नीट उघडलंही नव्हतं. कॅटरिना वादळ आणि त्याचा पूर यायच्या आधी एका बॅगेनिशी गाडीत बसून इथे आले, ती इथलीच झाले. सादिकचं त्या पुरावरचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धं ऐकून बंद केलं. चाल नाचायला लावणारी, मागे त्याच शहरातला रिबर्थ ब्रास बँड, आणि शब्दांत एक माणूस आपल्या माणसाला शोधतोय, ती सापडत नाही. एवढ्या आनंदी चालीत हे कसं गातात? नंतर परत गेले तेव्हा तिथली अंत्ययात्रा पाहिली. जाताना संथ भजन, आणि दफन करून परतताना बँड उसळत्या चालीत वाजवतो, लोक छत्र्या नाचवतात. त्या रस्त्यावर उभी राहून मी रडले. गाणं आता पूर्ण ऐकते.

लंडन

माझा अनुभव त्याने न गायलेल्या गाण्याचा आहे. सोलांजच्या २०१६ च्या तबकडीत दुःखापासून पळण्याच्या सगळ्या खटपटी मांडणारं एक गाणं आहे. तो वाद्यांचा तुकडा सादिकने तिला खूप आधी सीडीवर दिला होता. ड्रम, बास आणि तंतुवाद्यं, बाकी काही नाही. तिने शब्द लिहिले आणि गाणं आठ वर्षं तसंच राहिलं.

माझा घटस्फोट झाला तेव्हा मीही सगळ्या खटपटी केल्या. घर बदललं, केस कापले, धावायला लागले, कामात बुडवून घेतलं. हे गाणं ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, ऐकलं आणि माझी यादी कुणीतरी वाचून दाखवतंय असं झालं. मग मी शब्द सोडून खालचं ऐकायला लागले. त्या बासला कसलीच घाई नाही. ती कुठेच पळत नाही, एका जागी उभी राहून वाट बघते. त्या हिवाळ्यात मी रोज त्या बासबरोबर घरी जायचे. निर्माता नक्की काय करतो असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, की त्याने जागा तयार करून दिली आणि ती भरायची घाई केली नाही.

सातारा जिल्हा

चार दिवस लिहू की नको करत होतो.

आम्ही तिघं भाऊ. मधला दारूत गेला, २०१४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर घरात त्याचं नाव बंद झालं. आईनं फोटो कपाटात ठेवला. गावात कुणी विचारलं तर दोघं भाऊ असं सांगायचं. मीसुद्धा सांगितलंय.

पोरगा कॉलेजला आहे, त्याच्या स्पीकरवर २०१९ ची ती तबकडी वाजत होती. मला इंग्रजी गाणी कळत नाहीत. नाव विचारलं तर म्हणाला, जिमी ली. कोण हा? म्हणाला, गायकाचा भाऊ, हेरॉईनच्या व्यसनात गेला. मी म्हटलं, भावाचं नाव तबकडीला दिलं? अशा भावाचं? पोरगा म्हणाला, हो. आणि त्याची आणखीही भावंडं अकाली गेलीत.

मग त्यानं मला एकेका गाण्याचा अर्थ सांगितला. सुट्टीत रोज रात्री एक-दोन. व्यसनी माणसाच्या तोंडून गायलेली गाणी आहेत त्यात. मला वाटायचं, मागं राहिलेल्यांनीच बोलायचं असतं, ते कसे वागले आणि आम्ही काय सोसलं. हा माणूस भावाच्या जागी जाऊन उभा राहिला आणि तिथून बोलला. मी त्याच्या जागी जाऊन एकदाही बघितलं नव्हतं. तो रात्री दार वाजवायचा ते मला आठवतं. दाराच्या त्या बाजूला थंडीत त्याला काय वाटत असेल, ते मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा मनात आणलं.

पोरानं विचारलं, काका कसा होता? मी सांगायला लागलो. तो बँजो वाजवायचा, गावच्या बँडमध्ये, फार छान वाजवायचा. पोराला हे माहीतच नव्हतं. आई आतून ऐकत होती. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि म्हणाली, बँजो माळ्यावर आहे, गोधडीत गुंडाळलेला.