डॉक्टरांनी नको सांगितलं तरी दुधातल्या पावडरचा डबा नसला की मला अपराधी का वाटतं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे, नीट मांडता येतंय का बघते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. दुधात घालायची ती चॉकलेटी पावडर आमच्याकडे तो तीन वर्षांचा असल्यापासून येते. मागच्या महिन्यात दात दाखवायला नेलं तर दोन दाढा किडलेल्या निघाल्या, डेंटिस्ट बाईंनी विचारलं दिवसभरात गोड काय काय जातं, आणि मग आमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांनीही सांगितलं की ह्याची काही गरज नाही, साधं दूध, अंडं, डाळ, शेंगदाणे, नाचणी जे खातोय ते खाऊ दे, वजन-उंची व्यवस्थित आहे.

मी स्वतः बी.फार्म आहे. डब्यामागचं लेबल मला वाचता येतं, साखर कितव्या नंबरला लिहिलीय ते दिसतं. तरीपण डबा संपला आणि नवीन आणला नाही तर चार दिवस मला चैन नाही, आपण पोराला काहीतरी कमी पाडतोय असं सारखं वाटत राहिलं, शाळेच्या गेटवर त्याच्या वर्गातली उंच मुलं दिसली की पोटात कालवायचं, आणि पाचव्या दिवशी मी दुकानात जाऊन डबा घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. घरी पिशवीतनं काढताना लक्षात आलं की चार दिवस डोक्यात जे वाक्य फिरत होतं ते माझं नाहीच, मी शाळेत असताना टीव्हीवर लागायच्या त्या जाहिरातीतल्या आईचं आहे. शब्दन् शब्द. तेव्हापासून जरा भीतीच वाटतेय.

माहिती असूनही असं का होतं? आणि मुलगा आता नवीन जाहिरातीतली वाक्यं म्हणत फिरतो, त्याच्यासाठी काय करता येईल?

अनुस्वार
ताई, ह्यात तुमचं काही चुकलेलं नाही, आणि शिक्षण कमी पडलं असंही नाही. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून हा विषय जवळचा आहे.

१९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो ह्या तिघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावलं, दर वेळी वेगवेगळी विधानं दाखवली आणि विचारलं हे किती खरं वाटतं. त्यातली काही विधानं तिन्ही वेळा तीच होती. ती दर खेपेला जास्त खरी वाटत गेली, मग ती मुळात खरी असोत की खोटी. ऐकलेली गोष्ट मेंदूला परत समजून घ्यायला कष्ट पडत नाहीत, आणि तो जो सोपेपणा असतो तोच आपल्याला खरेपणा वाटतो. एवढंच आहे ते, पण फार खोल जातं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र २०१५ मधल्या लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांच्या कामात आहे. त्यांनी लोकांना माहिती असलेल्याच गोष्टी चुकीच्या करून वाचायला दिल्या. एक विधान आपल्या बायकांना तर ऐकवायलाच हवं: स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड प्लीट्सच्या स्कर्टला साडी म्हणतात! आता ज्यांना त्याला किल्ट म्हणतात हे पक्कं माहीत होतं, विचारल्यावर जे बरोबर उत्तर देत होते, त्यांनाही ते वाक्य एकदा डोळ्याखालून गेल्यावर आधीपेक्षा जास्त खरं वाटायला लागलं. म्हणजे ज्ञान डोक्यात असतं, पण वाक्य ओळखीचं वाटलं की आपण ते काढून तपासतच नाही. तुमची बी.फार्मची डिग्री आणि ती जाहिरातीतली आई दोघी एकाच घरात राहतायत, आणि दुकानात उभं राहिल्यावर त्या आईचा आवाज आधी येतो, कारण ती लहानपणापासून तिथे आहे.

आडवेळ
मी अंधेरीत एका मीडिया एजन्सीत नऊ वर्षं प्लॅनिंग केलंय, म्हणजे कुठली जाहिरात कुठे आणि किती वेळा दाखवायची ते ठरवायचं काम, आता सोडलं. आतली बाजू सांगतो.

प्लॅन करताना दोन आकडे बघतात, रीच म्हणजे किती लोकांपर्यंत पोचलं आणि फ्रीक्वेन्सी म्हणजे त्यातल्या एका माणसाने सरासरी किती वेळा बघितलं. दोघांचा गुणाकार म्हणजे जीआरपी, आणि चॅनलशी भाव त्यावरच होतो. हर्बर्ट क्रुगमन म्हणून एक संशोधक होते, त्यांनी १९७२ मध्ये मांडलं की जाहिरात तीन वेळा दिसली तरी पुरतं. पहिल्यांदा माणूस म्हणतो हे काय आहे, दुसऱ्यांदा म्हणतो माझा ह्याच्याशी काय संबंध, आणि तिसऱ्यापासून पुढे सगळी आठवणच असते. धंद्यात लोकांनी त्या तीनचा आकडा नियमासारखा धरला आणि मग तीनचे तीस कधी झाले कळलंच नाही, कारण समोरचा ब्रँड पण तेच करत असतो.

अजून एक, आधी तीस-चाळीस सेकंदांची पूर्ण गोष्ट दाखवतात, आई, मुलगा, शर्यत वगैरे. ती बसली की मग दहा सेकंदांचं एडिट चालवतात. त्यात फक्त शेवटचं वाक्य आणि डबा. बाकीची गोष्ट बघणाऱ्याचं डोकं स्वतःच भरून काढतं आणि आपले पैसे वाचतात. ताई, तुम्हाला चार दिवस जे ऐकू येत होतं ना, ते ह्याच्यासाठीच बनवलेलं असतं. बाप झाल्यावर मला ते काम करवेना, म्हणून सोडलं.

आणि एक बातमी कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या सदरातून काढा, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. पण ते शब्द इतकी वर्षं कानावर पडलेत, ते एका पत्राने जाणार आहेत का. अमेरिकेत लिस्टरीन हे गुळण्या करायचं माउथवॉश पन्नासेक वर्षं सर्दी-घसादुखीवर चालतं म्हणून विकलं जायचं. तिथल्या व्यापार आयोगाने १९७५ मध्ये आदेश काढला, कंपनी कोर्टात हरली, आणि ह्याने सर्दी टळत नाही असं स्वतःच्याच जाहिरातीत सांगायला लावलं, साधारण एक कोटी डॉलरच्या जाहिराती होईपर्यंत. तेवढं सांगूनही नंतरच्या पाहण्यांत बऱ्याच लोकांचा जुना समज तसाच निघाला.

पांढरकवडा
ताई, मी यवतमाळकडचा, वय ६३. पावडरीचं मला फार कळत नाही पण पाठांतराचं कळते. आमच्या भागात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हा घराघरातला विषय आहे. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, तंबाखूची जाहिरात तर त्याच्याही आधीपासून बंद. मग मॅच चालू असताना दर ओव्हरनंतर काय दिसते, तर वेलचीची जाहिरात. नाव गुटख्याच्या पुडीचंच, अक्षरं तीच, रंग तोच, आणि मोठमोठे हिरो. माझा नातू पाच वर्षांचा, त्याला वाचता येत नाही, पण पानठेल्यावर लटकलेल्या पुड्यांकडे बोट दाखवून तो टीव्हीतलं वाक्य म्हणाला. त्याले वेलची नाही दिसली, पुडी दिसली. माझा सख्खा भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला आहे, त्या दिवशी मी ठेल्यासमोर उभा राहून रडलो. जून २०२२ मध्ये केंद्राने अशा आडून केलेल्या जाहिरातींवर नियम काढले म्हणतात, ते चांगलंच झालं, पण पोराच्या डोक्यात ते चित्र आधीच गेलं होतं त्याचं काय.

सोनकी
थोडं वेगळं मत. वारंवार सांगणं हे हत्यार आहे, वाईटच असतं असं नाही. मी आशा सेविकांबरोबर पोलिओच्या बूथवर काम केलंय. 'दो बूँद जिंदगी की' हे रेडिओ, टीव्ही, भिंती, रिक्षा सगळीकडे इतकी वर्षं वाजलं की वस्तीतल्या आज्या रविवार म्हटला की स्वतः नातवंडं कडेवर घेऊन यायच्या. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्त जाहीर केलं. नुसत्या जाहिरातीने नाही झालं, दारोदार फिरणाऱ्या बायकांनी झालं, पण दार उघडायचं काम त्या ओळीने केलं. म्हणून माझा राग पुन्हा पुन्हा सांगण्यावर नाही, कोण काय सांगतंय आणि उलट सांगायला कुणाकडे तेवढे पैसे आहेत का, ह्यावर आहे.

अनुस्वार
सोनकी, अगदी बरोबर. आणि गोदाकाठ ताई, मुलाबद्दलचं राहिलं होतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना हे कळत नाही की समोरचा आपल्याला काहीतरी विकायला बोलतोय, त्यांना ती माहितीच वाटते. स्वीडनमध्ये तर बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला १९९१ पासून बंदी आहे. घरात टीव्ही बंद ठेवणं प्रत्येकाला जमत नाही, पण एक गोष्ट जमते. २०२० च्या एका अभ्यासात दिसलं की वाक्य पहिल्यांदा ऐकतानाच 'हे खरं आहे का' असा विचार केला, आणि त्याबद्दल थोडी माहिती असली, तर नंतर नुसत्या ओळखीने ते खरं वाटण्याचा परिणाम टळतो. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, तरी मी माझ्या मुलीबरोबर हेच करते. ओरडायचं नाही, टीव्ही बंद करायचा नाही, फक्त नवीन जाहिरात लागली की विचारायचं. पहिल्याच वेळी, विसाव्या वेळी नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

तीन आठवड्यांनी लिहितेय. अनुस्वार ताईंचं विचारणं चालू केलं. पहिले दोन दिवस तो चिडला, मग त्याला खेळच मिळाला, परवा क्रीमची जाहिरात लागली तर माझ्याआधी तोच म्हणाला, आई ह्या काकूंना हे बोलायचे पैसे मिळाले का गं? डबा संपला तसा आणला नाही. सकाळी नाचणी सत्त्व, थोडा गूळ आणि वेलची घालून देते, अर्धा कप जातं, बाकीचं मी पिते. माझ्या डोक्यातला तो आवाज गेलेला नाही, पण आता आला की कुणाचा आहे ते ओळखू येतं.

फक्त सासूबाईंचं कसं करू ते सांगा. त्यांचा नातवावर फार जीव आहे, काल किराणाच्या यादीत माझ्या नकळत त्यांनी सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं, 'बाळाचा डबा'. त्यांना न दुखवता हे सगळं कसं सांगावं, कुणी केलंय का घरी?