‘ऋण सोडणे’ आणि ‘क्षमा करणे’: अर्थ एकच का?

धागाकर्ती:
प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) लहानपणापासून पाठ आहे, इतकी पाठ की म्हणताना अर्थाकडे लक्षच जात नाही. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड" (बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, 6:12). परवा बायबल स्टडीत एका मुलाने विचारलं की इथे मधेच पैसे कुठून आले, सरळ "क्षमा कर" का नाही म्हटलंय? आणि मराठीत ऋण काढतात, फेडतात, फिटतं, पण "सोडतात" कुठे? मला काही धड उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
जुनं भाषांतर आहे हो, त्या काळची भाषा. अर्थ क्षमाच. मुलांना "आमचे अपराध माफ कर" असं सांगून मोकळं व्हा.

प्रतिसाद २:
वरच्या प्रतिसादाशी अजिबात सहमत नाही. इथे भाषांतरकारांनी जुनं मराठी म्हणून "ऋण" वापरलेलं नाहीये, मूळ ग्रीकमध्येच मत्तयाने ओफेइलेमा हा शब्द वापरलाय, म्हणजे देणं, बाकी. येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात होबा हा एकच शब्द कर्ज आणि पाप दोन्हीला चालतो, त्यामुळे त्याच्या ऐकणाऱ्यांना "मधेच पैसे कुठून आले" असं वाटलंच नसणार. लूकने (दुसरा शुभवर्तमानकार, 11:4) हीच प्रार्थना देताना पहिल्या भागात "पापं" असं उलगडून लिहिलंय पण पुढच्या भागात देणेकरी तसाच ठेवलाय, म्हणजे त्यालाही तो पूर्ण टाकवला नाही. आणि मत्तयात प्रार्थना संपल्यावर लगेच 14 व्या वचनात "अपराध" येतं, तेव्हा ऋण म्हणजे काय याचा खुलासा तिथल्या तिथेच आहे.

आता "सोडणे". मला विचाराल तर हा शब्द क्षमेपेक्षा सरस बसलाय. ग्रीक क्रियापद अफिएमी, अगदी रोजच्या वापरातलं. पेत्र आणि अंद्रिया हे शिष्य जाळी सोडून येशूच्या मागे गेले (मत्तय 4:20) तिथे हेच क्रियापद, पेत्राच्या सासूचा ताप निघाला (8:15) तिथेही हेच आणि वधस्तंभावरून "हे बापा, त्यांना क्षमा कर" तिथेही हेच! म्हणजे हातात धरलेलं सोडून देणं. क्षमा हा संस्कृत शब्द क्षम् वरून, त्याचा मूळ अर्थ सहन करणं, म्हणून तर पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सहन करणारा माणूस हिशेब मनात ठेवूनही सहन करू शकतो (करतोच, सगळ्या घरांत असतो असा एक जण). सोडणाऱ्याला ते जमत नाही, कारण वसुलीचा हक्कच गेला.

आणि मराठीला हे परकं कसं म्हणता? "कर्जमाफी" म्हणतोच की आपण, "फी माफ" म्हणतो आणि "चूक माफ कर" पण म्हणतो. माफी एकच, देण्याची आणि चुकीचीही. मुलांना इथून सांगायला सुरुवात करा, पटकन कळेल.

प्रतिसाद ३:
सुंदर. यात भर घालते, बँकेत काम केलंय म्हणून सुचलं. कर्ज निर्लेखित करणं आणि कर्ज माफ करणं यात फरक असतो आणि लोक कायम गल्लत करतात. निर्लेखित केलं म्हणजे बँकेने ताळेबंदातून ते काढलं, पण कर्जदाराच्या मागची वसुली चालूच असते, नोटिसा जातच असतात. आपली बरीचशी "मी तिला माफ केलंय गं" ही निर्लेखित प्रकारातली असते. वहीत दिसत नाही पण भांडण झालं की पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं व्याजासकट बाहेर येतं :)

प्रतिसाद २:
हाहा, निर्लेखित आवडलं. मत्तय 18 मधल्या येशूच्या दाखल्यातला (म्हणजे बोधकथेतला) तो चाकर आठवा. राजाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार देनारियस आणि एक देनारियस म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, तर झाले 6 कोटी दिवसांचे रोज, वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. आणि हा म्हणतो काय, मला जरा मुदत द्या, सगळं फेडतो! राजाने मुदत दिलीच नाही, कर्जच सोडलं (27 वं वचन, परत तेच क्रियापद). बाहेर पडल्या पडल्या याने सोबतच्या चाकराचा गळा धरला 100 देनारियससाठी, म्हणजे तीनचार महिन्यांच्या मजुरीसाठी. ही रक्कम काही किरकोळ नाहीये बरं का, प्रवचनात उगाच "क्षुल्लक" म्हणतात. गरिबाला चार महिन्यांची मजुरी बुडाली तर ते दुखतंच, आणि दाखल्यात ते खरं देणं म्हणूनच येतं.

प्रतिसाद ४:
माझी एक शंका. सोडायचं म्हणजे त्रास देणाऱ्याकडे परत जायचं, परत त्याच्या घरात राहायचं असं काही लोक सांगतात, विशेषतः बायकांना. शब्दात ते आहे का?

प्रतिसाद २:
नाही. देणं सोडलं म्हणून त्याच माणसाला परत उधार द्यायलाच पाहिजे असं कुठे आहे? समेट हा वेगळा शब्द आहे, मत्तय 5:24 मध्ये "प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर" असं आहे आणि तिथलं ग्रीक क्रियापदही वेगळंच. शिवाय तिथे समेटाला ज्याने उठून जायचंय तो अर्पण घेऊन आलेला माणूस आहे, ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे तो. लूक 17:3 मध्ये तर आधी दोष दाखवायला सांगितलंय, मग त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा. मार खाणाऱ्या बाईला 6:12 ऐकवून परत पाठवणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे, स्पष्ट बोलतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, पुढच्या वेळी मत्तय 18 च घेते. एक शेवटचं, "ऋण्यांस" ऐवजी "ऋणकोंस" बरोबर ना? धनको-ऋणको मधलं?

प्रतिसाद ३:
व्याकरणाने दोन्ही चालेल, पण ऋणको फार कोर्टकचेरीतला वाटतो, प्रार्थनेत नको. खरी अडचण अशी आहे की आजकाल "मी आपला ऋणी आहे" म्हणजे आभारी आहे एवढाच अर्थ उरलाय. त्या मुलाला बहुतेक "आमचे आभार मानणाऱ्यांना सोड" असं काहीतरी ऐकू येत असणार. "देणेकरी" म्हणून बघा त्याच्यासमोर.